न जळलेल्या मोटरीचं बिल

माझं पोट दुसऱ्याच्या मोटरी जळण्यावर चालतं. सोलापूरच्या भवानी पेठेत माझं वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली, बोअरमधली, पिठाच्या गिरणीतली, टॉवेलच्या मागावरची, कुठलीही मोटर जळाली की लोक ती उचलून माझ्याकडे आणतात. मी ती उघडतो, काळी पडलेली तार उपसतो, नवी तांब्याची तार भरतो, वार्निश देतो, भट्टीत वाळवतो आणि बिल करतो. माणूस घासाघीस करतो, पण पैसे देतो, कारण जळलेली मोटर त्याच्या डोळ्यांसमोर असते.

हा सगळा धंदा माझ्या लेकीनं उलटा करायला घेतला आणि मी तिच्या बाजूनं उभा राहिलो. फार विचार करून उभा राहिलो असं कुणी समजू नये. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि आता सणावारालाच भेटणार, असं आम्ही नवराबायकोनं मनाशी धरून टाकलं होतं. तर एक दिवस ती परत आली आणि म्हणाली, "पप्पा, दुकानात मला एक कोपरा द्या." मी भट्टीशेजारची भंगाराची रास त्याच दिवशी हलवली. तिनं तिथं उंट बांधते म्हटलं असतं तरी हलवली असती.

तिनं आणल्या पेट्या. स्टार्टरशेजारी बसवायची, आत सिमकार्ड असलेली, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. आता मोटरीला फोन लावणं आमच्याकडे नवीन नाही. गावात पारावर बसून माणूस मोटरीला मिस्ड कॉल देतो, मोटर शेतात चालू होते आणि एक बाई फोनवर तसं सांगते. पण ही पेटी नुसती चालू-बंद करणारी नव्हती. मोटर किती करंट ओढते, लाइन कशी येते, गरम किती होते, हे सगळं ती लेकीच्या लॅपटॉपवर पाठवायची. तिथं प्रत्येक मोटरीची एक रेघ. रेघ रोज थोडी थोडी वर सरकायला लागली की समजायचं, बेरिंग गेलंय किंवा पंप गाळानं जाम होतोय, आता ही जळणार. आठवडाभर आधी कळायचं. मी तीस वर्षं मोटरी उघडतोय, मला जळल्यावर कळतं. पेटी खरी होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. लेकीच्या पुण्याच्या कंपनीनं पेट्या शेतकऱ्यांना पहिल्या वर्षी फुकट दिल्या होत्या. वर्ष संपलं की शेतकऱ्यानं वर्षाची फी भरायची. पुरेशा लोकांनी भरली नाही, तर कंपनी सोलापूरचं काम बंद करणार आणि लेकीला पुण्याच्या ऑफिसात घेणार, असं ठरलं होतं. म्हणजे माझी पोरगी घरी राहणार की जाणार, हे गावोगावच्या विहिरींवर ठरणार होतं. मला रात्रंदिवस तेवढंच दिसायचं.

सुरुवातीला कंपनीनं एका हॉटेलात डीलर लोकांना बोलावलं. मीही गेलो. पुण्याहून आलेला साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होता. म्हणाला, पेटी विकू नका, व्हॅल्यू विका. मी विचारलं, "साहेब, मोटर जळली तर बिल मी करतो. पेटीमुळं ती जळलीच नाही, तर बिल कशाचं करायचं?" तो खूश झाला. म्हणाला, हाच तर प्रश्न आहे, आणि पुढचं चित्र लावलं. त्यावर लिहिलं होतं, ग्राहकाला मनःशांती द्या. माझं डोकं सरकलं. अक्कलकोट रोडवरच्या माणसाला जाऊन सांगायचं की मी मनःशांती घेऊन आलोय? तो म्हणेल आधी लाइट आण. मी आणखी काही बोलणार होतो, पण लेकीनं माझा शर्ट ओढला आणि जेवणाची वेळ झाली.

पहिला घोळ अप्पांच्या मोटरीत झाला. अप्पा अक्कलकोटच्या अलीकडच्या एका गावाचे, घरात कन्नड, बाजारात मराठी. माझे इतके जुने गिऱ्हाईक की दुकानात आले की स्वतःच स्टूल ओढून बसायचे. त्यांच्या मोटरीची रेघ वर चढायला लागली. लेकीनं चार दिवस पाहिली आणि फोन केला. नेमका वेळ अमावस्येच्या, म्हणजे शेताच्या पूजेच्या सणाच्या दिवशी. त्या दिवशी त्या भागात स्वयंपाक घरी झाला तरी जेवणाची पानं शेतात पडतात. सगळं गणगोत शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडलेली, भज्जी आणि आंबिलीची पंगत बसलेली. आणि अप्पांनी फोन घेतला तो स्पीकरवर.

"अप्पा, तुमची मोटर जळणार आहे. आठवड्याच्या आत. उद्याच बाहेर काढा," लेक म्हणाली.

 पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "ब्याड, ब्याड," नको म्हणून, आणि फोन बंद झाला.

मी वार्निशचा ब्रश खाली ठेवला. "अगं, आज वेळ अमावस्या आहे."

"मग? बेरिंगला माहीत आहे का ते?"

"बेरिंगला नाही, अप्पांना आहे."

तिला माझा राग आला, मला तिचा. शेताची पूजा चाललेली असताना शेतातलं पाणी बंद पडणार असं सांगायचं, याला काय म्हणायचं? आणि तिचंही चुकलं नव्हतं, हे मला जास्त झोंबत होतं. मोटर आठवड्यात जळली. अप्पांनी ती माझ्याकडे आणली नाही, अक्कलकोटला दुरुस्तीला टाकली. नंतर स्पेअर पार्टच्या दुकानात समोरासमोर गाठ पडली, तर म्हणाले, "मिस्त्री, पोरगीला आवरा जरा. सणादिवशी असं बोलत्यात व्हय? बोलली आन् जळली."

"अप्पा, ती बोलली म्हणून नाही जळली. जळणार होती म्हणून बोलली."

"त्येच म्हंतो की मी. बोलायचं कशाला?"

 पुढं पुढं तर असंही कानावर आलं की मिस्त्रीची पोरगी दुकानात बसून फोनवरनं मोटरी जाळती, म्हणजे बापाला काम मिळतंय. चिडलो, पण हिशेब त्यांच्या बाजूनं बरोबर होता. मोटर जळून फायदा कुणाचा होतो? माझाच. आता मोटर जळू नये म्हणून हाच माणूस धडपडतोय, हे कोण खरं मानेल?

लेक मात्र शहाणी झाली. पंचांग बघून फोन करायला लागली. आधी तब्येत विचारायची, कुणाच्या सुनेचं बाळंतपण झालं का, कुणाच्या गुडघ्याचं काय झालं, ते विचारायची. मग हळूच, "मामा, एकदा मोटर बघून घ्यायची का?" एका फोनला तिचा अर्धा तास जायचा. कंपनीचा माणूस तिला म्हणाला, एवढा वेळ फोनवर का? मेसेज आपोआप जातोच की. मेसेज जायचा, इंग्रजीत. तो कुणीही उघडत नव्हतं.

मामा म्हणजे माढ्याकडचे एक ऊसवाले. ते तिचं ऐकायचे. त्यांची रेघ वर गेली, तिनं सांगितलं, आणि त्यांनी मोटर काढायची तयारी ठेवली. आम्ही दोघं गेलो. त्यांच्या मुलांनी चेनकप्पी लावून मोटर विहिरीतून वर घेतली. मी जागेवरच उघडली. बेरिंग पार खाल्लेलं. हातानं फिरवलं तरी खरखर ऐकू यायची. मला इतका आनंद झाला की मी मामांना बोलावून ते हातात दिलं. बघा, म्हटलं, आणखी थोडे दिवस, आणि सगळी मोटर जळाली असती.

मामांनी बेरिंग उलटंसुलटं केलं आणि बांधावर ठेवलं. "पन चालत हुती की."

"चालत होती, पण जळणार होती."

"जळल्यावं बघितलं असतं. उगं दिवस मोडला सगळ्यांचा."

मी नवीन बेरिंग बसवलं, मोटर पाण्यात सोडली, चालू केली. बिल केलं तेवढ्याचंच. मोटर पूर्ण जळाली असती तर झालं असतं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं. तरी मामांनी ते खिशात घालताना चेहरा पाडला. त्या वर्षभरात त्यांच्याकडे पुन्हा काही झालं नाही. उसाला पाण्याचा एक दिवस खाडा पडला नाही.

वर्ष संपलं आणि फीसाठी आम्ही बापलेक मोटरसायकलवर गावं पालथी घातली. चहा सगळीकडे मिळाला. अप्पांनी बाहेर ओट्यावर बसवून दिला, आत बोलावलं नाही. पेटी त्यांनी आधीच काढून माळ्यावर टाकली होती. ज्यांची मोटर जळली ते म्हणाले, पेटी असून जळलीच की. ज्यांची जळली नाही त्यांचं बोलणं मामांनी एका वाक्यात सांगितलं. "वर्षभर काय झालंच न्हाय, मग पेटी कशाला?"

"मामा, पेटी होती म्हणूनच काही झालं नाही," लेक म्हणाली.

"आसंल," मामा म्हणाले, आणि तिला घरी न्यायला पिशवीभर हरभऱ्याचा डहाळा दिला.

येताना ती डहाळ्याची पिशवी मांडीवर घेऊन मागं बसली. मी वाटभर बडबडत आलो. मामांवर, अप्पांवर, त्या मनःशांतीवाल्या साहेबावर, आणि इंग्रजीतून मेसेज पाठवणाऱ्या त्या अक्कलवंतांवर. दहापैकी एखाद्यानं फी भरली असेल नसेल. कंपनीनं सोलापूरचं काम बंद केलं. वर साहेबानं लेकीला शाबासकी दिली. तुमच्या भागाचा डेटा फार मोलाचा आहे, म्हणाला. कमी दाबाच्या लाइनवर आणि गाळाच्या पाण्यात मोटरी कशा जळतात, हे एका मोटर बनवणाऱ्याला आता हवं होतं, आणि तो त्याचे पैसे मोजत होता. म्हणजे पेटीतून पैसा निघाला नाही असं नाही, निघाला. फक्त ज्यांच्या मोटरी जळल्या त्यांना नाही मिळाला, आणि जिनं उन्हातान्हात त्या पेट्या बसवल्या तिलाही नाही. तिला मिळाली पुण्याची खुर्ची. थंडी सरायच्या आत ती गेली. भट्टीशेजारचा कोपरा मी रिकामाच ठेवला, तिथं भंगार टाकायला हात होईना.

उन्हाळा आला. मोटरी नेहमीसारख्या जळायला लागल्या. एका दुपारी दुकानासमोर पिकअप थांबली आणि मागं मोटर, पुढं मामा. मोटर उतरवली तेव्हाच वासावरून कळलं, आतलं काहीच उरलं नव्हतं.

मामा बसले, पाणी प्यायले आणि चक्क माझ्यावर रागावले. "मिस्त्री, औंदा पोरीनं सांगितलं न्हाय मला. ऊस वाळाय लागला माझा."

"मामा, पेटी तुम्हीच बंद केली की."

"पेटी केली बंद. पोरगी हाय की."

मला आधी कळेचना ते काय म्हणतायत. मी म्हटलं, तिला कसं कळणार? पेटी सांगायची, म्हणून तिला कळायचं.

"आसंल की. पन फोन तर ती करायची न्हवं? पेटीनं कवा माझा गुडगा इचारला? मला वाटलं, पेटी ऱ्हायली काय, गेली काय, पोरगी ध्यान ठिवतीय." मग आत डोकावून म्हणाले, "कुटं हाय ती?"

"पुण्याला गेली. फी कुणी भरली नाही, म्हणून गेली."

मामांचा हात टोपीशी गेला आणि तिथंच राहिला. "आन् तिला द्यायचं आसतं तर दिलं नसतं व्हय आमी? वर्षाला काय आसंल ते दिलं आसतं. त्या डब्याला कशाला द्यायचं?"

"मग हे तेव्हा का नाही बोललात?" मी ओरडलोच. समोरचा चहावाला वळून बघायला लागला.

"तुमी इचारलंच न्हाय. तुमी पेटीचं इचारलं."

मी मोटरीचे बोल्ट सोडायला घेतले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. सगळी तार भरावी लागणार होती. बिल मोठं झालं. मामांनी ते वाचलंही नाही, एक पैसा कमी करा म्हणाले नाहीत, पैसे आधीच देऊन गेले.

संध्याकाळी लेकीला फोन करून सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "पप्पा, इथं माझ्यासमोर सगळ्या महाराष्ट्रातल्या मोटरी आहेत. एकाही मोटरीचा मालक मला माहीत नाही." मामांच्या उसाला पाणी कधी सुटणार ते तिनं विचारलं. परवा, म्हणालो. मग मी म्हटलं, परत ये, आता फी पेटीची नको, तुझी लावू. ती म्हणाली, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून मीच शिकवलं आहे.