वाघदेवावरचे टॉवेल

“चष्मा काढा, मावशी. आणि चपला त्या झाडामागं ठेवा. पाहुण्यांना सगळं अस्सल वाटलं पाहिजे.”

मी चुलीपुढं बसले होते. हातात नागलीच्या पिठाचा गोळा. समोर पंधरा-वीस शहरी माणसं मोबाईल धरून उभी. मळ्याच्या मालकाची बायको, मळ्यावर सगळेच तिला सूनबाई म्हणतात, माझ्या कानाशी वाकून हे बोलली आणि लगेच ताठ होऊन पाहुण्यांकडं वळली. “या आमच्या आजी. पेठच्या डोंगरातल्या. शंभर टक्के आदिवासी.”

पाहुण्यांपुढं आजी. पाहुणे गेले की मावशी.

मी चष्मा काढला. चष्म्याशिवाय मला तवा दिसतो, तव्याची कड दिसत नाही. दुसऱ्याच भाकरीला बोटं भाजली. हात झटकला. एक बाई म्हणाली, “किती नॅचरल!”

मी बोटं परातीतल्या पाण्यात बुडवली आणि तिसरी भाकर थापायला घेतली.

तुम्ही म्हणाल, पासष्टीची बाई, चष्मा काढ म्हटलं की काढते? काढते. कारण चाळीस वर्षांपूर्वी एक पोरगी सावळ घाट उतरून त्या मळ्यात आली होती आणि तिनं मला ही सवय लावून ठेवली. त्या पोरीला मी आता रोज हसते. दुसरं करणार काय? रडायला बसले तर ती वरचढ व्हायची.

ती म्हणजे मीच, पंचविशीतली. एक नमुनाच होता. नवऱ्याबरोबर द्राक्षाच्या हंगामाला टोळीतून आली. हंगाम संपला, टोळी गावाकडं परतली, पण मालकानं, नानांनी, या जोडप्याला कायमचं ठेवून घेतलं. पंपाच्या खोलीमागं एक खोली दिली. पत्र्याची. उन्हाळ्यात आत शिजायचं, पावसाळ्यात बोलणं ऐकू यायचं नाही. आणि आमची राणी टोळीतल्या बायांना सांगत होती, “आम्हाला बंगल्याजवळच खोली दिलीय. मालकीणबाईंना माझ्याशिवाय करमत नाय.” मालकीणबाईंना, माईंना, तिच्याशिवाय करमत नव्हतं हे खरं. भांडी कोण घासणार होतं?

खोली तुझीच आहे, असं नाना म्हणायचे. तोंडानं. तिला ते पुरलं. डोंगरातलं घर पावसानं बसत गेलं, तिनं एक वासा बदलला नाही. कशाला बदलायचा? इथं आहे की.

आणि एक सांगायचं आहे. ते सांगताना मलाही हसू येत नाही.

मालाच्या तोडणीचे दिवस होते. परदेशी जायचा माल, कंटेनर दारात. गावाहून एक माणूस सांगावा घेऊन आला, तुझी आई गेली. तेव्हा माईंचा मुलगा माझ्या कडेवर होता. मी माईंकडं गेले. माई म्हणाल्या, “माल भरून झाला की जा. मेलेलं माणूस थांबतं गं, कंटेनर थांबत नाही.”

मी माल भरला. दोन दिवस. घड उचलायचे, कुजका मणी कात्रीनं काढायचा, डब्यात लावायचे. तिसऱ्या दिवशी वर गेले तेव्हा आईला माती देऊन झाली होती. निघताना माईंनी साडी दिली होती. नवी, डाळिंबी. आणि त्या बावळट पोरीनं काय करावं? तिसऱ्या दिवसाला जमलेल्या बायांमध्ये ती साडी उलगडून दाखवली. “मालकीणबाईंनी दिली.” माझी जाऊ, नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको, माझ्याकडं नुसती बघत राहिली. मला वाटलं, जळतेय.

पुढं नवरा आजारानं गेला. नाना गेले. लेक मनमाडला दिली. जावई रेल्वेत ठेकेदाराकडं, दोन खोल्या, सहा माणसं. तिच्या पोरांची मी आजी, पण सुट्टीतली. राहायची जागा एकच, पत्र्याची खोली. त्या खोलीसाठी मी काय वाट्टेल ते ऐकलं असतं. ऐकलंच.

नानांच्या मुलानं अर्धी बाग काढली. तोच तो, माझ्या कडेवरचा. आता त्याला सगळे दादा म्हणतात, मीही. धरणाच्या अंगाला तंबू लावले, पोहायचा हौद बांधला, बैलगाडी आणली. बैलगाडीनंतर मी. फाटकावर पाटी लागली, माझा फोटो, चष्म्याशिवायचा. मी पाटीपुढं उभी राहिले तरी ती म्हातारी कोण, मला ओळखू आली नाही.

एका रविवारी एका पाहुणीनं भाकर मोडता मोडता विचारलं, “आजी, तुमच्या गावात काय काय आहे हो?”

चाळीस वर्षांत त्या मळ्यात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी विरघळले. म्हाताऱ्या बाईला बोलायला लावायचं तर एवढंच पुरतं. मी सांगत सुटले. गावाच्या शिवेवर वाघदेव आहे म्हटलं. सागाची उभी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य, चंद्र, खाली नाग. दिवाळीच्या वाघबारशीला गुराखी पोरं पूजा करतात. फळी जुनी झाली की आम्ही ती काढत नाही. तिच्या शेजारी नवी उभी करतो. जुना देव आपला आपण मातीला लागतो, त्याला हात लावायचा नसतो. आमचा जुना तर माझ्या आजेसासऱ्यानं कोरलेला.

दादा मागं उभा होता. “मावशी, हे नेमकं कुठंय?”

मी सांगितलं. घाटाचं कितवं वळण, कुठला ओहोळ, कुठल्या ऐनाच्या झाडापासून खाली उतरायचं. हातवारे करून सांगितलं. मालक आपल्या देवाची चौकशी करतो याचा मला केवढा अभिमान! बघा, ती पोरगी मेली नव्हती. पदर खोचून आतच बसली होती.

दिवाळी झाल्यावर पिकअपमधून गोणपाटात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी उतरलं. दुसऱ्या दिवशी हौदापाशी गेले तर वाघदेव उभा. खाली सिमेंट. अंगाला तेल चोपडून चकचकीत केलेला. आणि त्याच्यात पितळेचे हुक ठोकलेले. एक सूर्यावर, एक चंद्रावर, एक वाघाच्या पाठीत. हुकांना पांढरे टॉवेल.

“जुनाच आणलाय, मावशी,” दादा म्हणाला. “नवा तिथंच आहे. हा नुसता सडत होता.”

मी काय केलं?

काही नाही. घरी आले, म्हणजे खोलीत आले, आणि तांदूळ निवडले. तीन रविवार गेले. तीन रविवार संध्याकाळी मीच ते ओले टॉवेल हुकांवरून काढले, धुतले, वाळवले, घड्या घालून परत अडकवले. देवाकडं बघायचं नाही म्हणून चष्मा आपणच काढून ठेवायचे. तेव्हा कुणी सांगावंही लागलं नाही. खोली जाईल. कुठं जाशील? हेच दोन शब्द, कुठं जाशील, भांडी घासताना, झाडताना, खाताना.

चौथ्या रविवारी सूनबाई म्हणाली, “आज तुम्ही त्या फळीपाशी उभं राहून पाच मिनिटं सांगायचं. गोष्टीसारखं. ते कोंबडं-बिंबडं कापतात ते नको, मुलं असतात.”

उभी राहिले. हौदाच्या काठावर पाहुणे, पाण्यात पाय सोडून. मी तोंड उघडणार तेवढ्यात एक गृहस्थ पाण्यातून वर आले, तंबूत जाऊन कपडे बदलून आले, आणि आपली ओली चड्डी वाघाच्या पाठीतल्या हुकाला अडकवून माझ्यासमोर खुर्चीवर बसले. “हं आजी, सुरू करा.”

चड्डीचं पाणी वाघावरून ओघळत नागापर्यंत आलं.

मी ती चड्डी दोन बोटांत धरली. शेणातला किडा उचलतात तशी. हौदात टाकली. मग एकेक टॉवेल. सूर्यावरचा. चंद्रावरचा. सगळे हौदात. पांढरे टॉवेल पाण्यावर फुगले.

आणि टाळ्या पडल्या.

लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. कुणी म्हणालं, “वन्स मोअर, आजी!” चड्डीवाले गृहस्थ सगळ्यात मोठ्यानं हसत होते. त्या टाळ्यांनी मला जे झालं ते चष्म्यानं झालं नव्हतं, बोटं भाजून झालं नव्हतं. आपण ओरडलो तरी यांना तो खेळच वाटणार, हे मला तिथं कळलं. एवढ्या उशिरा.

“हा देव हाय,” मी म्हणाले. “आमच्या शिवेवरून आणलाय. गावाला विचारलं नाय. वाट मी दाखवली.”

टाळ्या थांबल्या. कुणीतरी मोबाईल खाली केला.

दादा मला बंगल्यामागं घेऊन गेला. “घरचं माणूस म्हणून ठेवलं होतं तुला, मावशी!”

“घरचं माणूस असते तर माझ्या आईच्या मातीला जाऊ दिलं असतं.”

त्याला काही कळलं नाही. कसं कळणार? तेव्हा तो माझ्या कडेवर पेंगत होता.

सूनबाईनं वाद घातला नाही. “उद्या खोली मोकळी करा. नवीन कुकसाठी लागणार आहे.”

माई ओसरीवर खुर्चीत होत्या. त्यांना आता नीट उठता येत नाही. त्या एकट्याच म्हणाल्या, “जाऊ नको गं.” माझ्या डोळ्यांत पाणीच येणार होतं. मग म्हणाल्या, “माझे पाय कोण दाबील?”

बरं झालं बोलल्या.

चाळीस वर्षं एका खताच्या गोणीत आणि एका पिशवीत मावली. छाटणीची कात्री कमरेला. एसटीनं वर गेले. आधी जावेकडं. ती दारातच बसली होती, आत ये म्हणाली नाही, पण पाणी दिलं. चार म्हातारे जमले. मी सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाजही चढवला नाही. जाऊ म्हणाली, “तो आला तेव्हा तुझंच नाव सांगितलं त्यानं. तुमच्या वहिनीनं न्यायला सांगितलाय म्हणाला. तू म्हणालीस म्हणून कोणी अडवला नाय.”

माझ्या नावावर देव गेला. मळ्यात ज्या नावाला भांड्याची किंमत नव्हती, त्या नावावर गावानं विश्वास ठेवला.

“माझ्यावर ओरड तरी,” मी तिला म्हणाले.

“तुझ्यावर काय ओरडू? तू हायस कोण आमची?”

शिवेवर गेले. नवा वाघदेव एकटा उभा होता. शेजारी खड्डा. खड्ड्यात पाणी साचलेलं. मी तिथं बसले, किती वेळ ते आठवत नाही. मरावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण गुडघे दुखायला लागले. मेलेल्याचे गुडघे दुखत नसणार, म्हणून उठले.

आता गिरणाऱ्याला राहते. सुरगाण्याच्या तीन बायांबरोबर एक पत्र्याची खोली, भाड्याची. सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभी राहते. पहिले चार दिवस कुणी घेतलं नाही. बागाईतदार गाडीतून वाकून बघायचे. “आजी, तू घरी बस.” मी म्हणायची, “घर असतं तर बसले असते की.” पाचव्या दिवशी एकाला घडांच्या विरळणीसाठी बाया कमी पडल्या. बोटं अजून चालतात. मणी काढायला लागले की जवान बायांना मागं टाकते. तरी आठवड्यातले तीन दिवस रिकामी परतते. गुडघ्याला तेल लावते. त्या पोरीला हसते. कधी कधी हसता हसता तिच्या तोंडात मारावीशी वाटते.

परवा जावेची नात आली. नाशकात कॉलेजला असते. तिच्या हातात कागद. ग्रामसभेनं ठराव केलाय, देव परत पाहिजे, तक्रार करायचीय. दादा म्हणतो, गावानं आपण होऊन दिला. गावानं दिला नाही हे कोण सांगणार? आणि त्याला जागा कळली कशी, हे कोण सांगणार?

नाक्यावरच, दगडावर बसून तिनं कागद मांडीवर घेतला. मजुरांच्या गाड्या येत होत्या. माझ्या शेजारची बाई गाडीत चढली, मला हाक मारली. मी गेले नाही.

“आजी, नीट विचार कर,” जावेची नात म्हणाली. “वाट तूच दाखवली असं लिहिलं तर तुझ्यावर पण येईल. चोरीत धरतील तुला.”

“धरू दे.”

“दादा वकील लावणार. या मळेवाल्यांची एकमेकांत उठबस असते. तुला नाक्यावर कोणी काम देणार नाय.”

“आत्ता कुठं देतायत?”

तिनं पेनाचं टोपण काढलं. “मग नुसतं असं लिहू का, मालकानं फसवून विचारलं?”

फसवून. किती सोपं होतं. म्हातारी, अडाणी, चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मळ्यात राबलेली. सगळ्यांना पटलं असतं. मलाही पटलं असतं.

“नाय,” मी म्हणाले. “फसवलं नाय. मी खुशीनं सांगितलं. मालकाला खूश करायची मला सवय होती. तसंच लिही. घाटाचं वळण लिही, ओहोळ लिही, ऐनाचं झाड लिही. मी त्याला जेवढं सांगितलं तेवढं सगळं लिही. आणि चोरी कोणी केली तिथं दोन नावं घाल. पहिलं माझं.”