शेवंताकाकूंच्या चिनी गोळ्या

शेवंताकाकूंनी काउंटरवर एक पांढरी डबी आपटली आणि म्हणाल्या, "ह्या गोळ्या दे. संपल्यात."

डबी बोटभर उंच होती. तळाशी मिऱ्याएवढ्या दोन काळ्या गोळ्या राहिल्या होत्या. लेबलवर वरपासून खालपर्यंत चिनी अक्षरं.

घोटावड्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरमागे उभा राहून बावीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात डॉक्टरांचं अक्षर लावता येणं हीच खरी परीक्षा, आणि तीत मी कधी नापास झालो नव्हतो. औषधाचं नाव कुठे संपतं आणि डॉक्टरांची सही कुठे सुरू होते हे खुद्द डॉक्टरांना सांगता येणार नाही, अशा चिठ्ठ्या मी लांबून वाचल्यात. लोक मला अर्धा डॉक्टर म्हणतात. मनातल्या मनात मी पाऊण म्हणायचो.

"काकू, ही डबी कुठून आणली?"

"लिननं दिली."

लिन म्हणजे काकूंचा भाडेकरू. गावाबाहेरच्या एका कंपनीत चीनमधून मोठं मशीन आलं होतं. ते बसवायला लिनही आला आणि काकूंच्या वरच्या खोलीत राहू लागला. हॉटेलचं जेवण त्याला झेपेना, म्हणून जेवायलाही काकूंकडेच. दोघं फोनवरच्या भाषांतराच्या अॅपमधून बोलत. अॅप बंद असलं तरी त्यांचं काही अडत नसे.

"पोटात जळजळतंय, जेवलं की धोंडा ठेवल्यागत हुतंय," काकू म्हणाल्या. "लिननं माजी जीभ बघितली अन् ह्या गोळ्या दिल्या. चार दिस लई बरं वाटलं."

"जीभ बघून औषध दिलं?"

"व्हय. तू कदी बघितलीस का?"

हे मला लागलं. ज्ञान पाजळायचं असलं की माझी भाषा आपोआप शुद्ध होते. तशी ती झाली. "काकू, कोणतेही औषध घेताना त्यातील घटक माहीत असणे आवश्यक आहे," असं म्हणून मी फोनचा कॅमेरा लेबलवर धरला. औषधाचं नाव आलं 'सलोखा राखणारा गोळा'. खाली घटकांची यादी होती: कसलीशी आंबट रानफळं, मुळ्याचं बी, संत्र्याच्या जातीची वाळवलेली साल, मोड आणून वाळवलेलं धान्य, एक कंद आणि पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी. काम काय, तर 'साचलेलं अन्न पुढे नेणं'. आपण ज्याला अजीर्ण म्हणतो त्यावरचं हे चिनी चूर्ण, एवढाच त्याचा अर्थ.

पण एवढ्या साध्या निष्कर्षावर थांबलो तर मी पाऊण डॉक्टर कसला? कुठूनही आलेल्या जडीबुटीच्या गोळ्यांत कधीकधी गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे आम्हा लोकांना माहीत असतं. तेव्हा शंका घेण्यात माझं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे.

"ह्या गोळ्या आजपासून बंद," मी फर्मान काढलं. "ही गॅसची गोळी घ्या, सकाळी उपाशीपोटी. आणि त्या लिनला सांगा, मशीनला काय द्यायचं ते दे, माणसांना नको."

"बरं बाबा," काकू म्हणाल्या. मग पदराची गाठ सोडून त्यांनी गोळ्यांच्या पाकिटाचा फाडलेला कोपरा काढला. "आन् ही गुडघ्याची दे."

हे जरा समजावून सांगतो. गोळ्या संपल्या की पाकिटाचा एक कोपरा फाडून जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी दुकानदाराला दाखवायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. नाव वाचायला नको, चिठ्ठी सांभाळायला नको. तुकडा दाखवा, गोळी न्या. चिठ्ठीशिवाय ज्या गोळ्या द्यायच्या नाहीत असा कायदा आहे, त्यादेखील तुकड्यावर जातात. माझ्याकडूनही जात. मी चिनी औषधांच्या धोक्यांवर बोलत बोलतच हात मागे नेला, रंग बघून पाकीट काढलं आणि काकूंच्या पिशवीत टाकलं.

दुपारी घरी जेवताना बायकोला, शबानाला, सगळी हकीकत रंगवून सांगितली. तिने माझ्या फोनवरची घटकांची यादी वाचली. "हे तर आपल्या चूर्णासारखंच वाटतंय," ती म्हणाली. "काकू आणखी काय काय घेतात ते विचारलंत का?"

"दुकान मी चालवतो की तू?" मी म्हणालो.

त्याच दुपारी केमिस्ट लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी डबीचा फोटो टाकला. खाली लिहिलं: 'सावधान! चिनी गोळ्यांमुळे पोटाचे गंभीर विकार. आपल्या भागात शिरकाव. एका अनुभवी फार्मासिस्टचा इशारा.' अनुभवी फार्मासिस्ट मीच. ग्रुपवर भराभर अंगठे आले. मला बरं वाटलं.

आठवडा गेला. सकाळी दहाच्या सुमारास काकू आल्या, पण एकट्या नाहीत. लिनने त्यांना दंडाला धरलं होतं. दाराच्या पायरीवरच त्यांना धाप लागली. मी स्टूल पुढे केलं. चेहरा पिठागत पांढरा पडला होता.

"शफीक, परसाकडं काळं हुतंय," त्या हळूच म्हणाल्या. "डांबरागत. उठलं की डोळ्यापुडं अंधारी येतीया."

यावर मी काय म्हणालो ते लिहायला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "बघा! काळ्या गोळ्या खाल्ल्या, काळंच होणार."

"आरं, तू सांगितल्यापास्नं एक न्हाई खाल्ली."

"असर राहतो शरीरात."

लिन माझ्याकडे बघत होता. चाळिशीचा माणूस, अंगात कंपनीचं निळं जॅकेट. त्याने फोनमध्ये काहीतरी बोलून फोन माझ्यापुढे धरला. बातम्या वाचणाऱ्या बाईच्या आवाजात शुद्ध मराठी बाहेर पडली. "या स्त्रीची जीभ फार पांढरी आहे. माझे औषध बंद आहे. आजार वाढला आहे. ती दुसरे औषध खाते."

मग त्याने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून काउंटरवर उपडा केला. आतून पाकिटांचे फाडलेले कोपरे पडले. काकूंनी प्रत्येक पाकिटाचा कोपरा जपून ठेवला होता. झाडून सगळे एकाच रंगाचे, गुडघेदुखीच्या गोळीचे. काउंटरवर ढीग झाला.

फोन पुन्हा बोलला. "हे औषध कोणी दिले?"

काकूंनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "ह्यानंच की."

मी ढिगातला एक कोपरा उचलून नाव वाचलं.

"काकू, ही गोळी कधीपासून घेताय?"

"लावणीच्या वक्ताला डॉक्टरनं पाच दिसाची दिली न्हवती का? गुडघा गप बसला. मग तूच देतुयास. सकाळी च्या बरूबर एक. भात काढाया जायचं असलं तर दोन."

म्हणजे लावणीपासून थेट काढणीपर्यंत. तीसुद्धा रिकाम्या पोटी, चहावर. दुखणं थांबवणाऱ्या या गोळ्या पोटाच्या आतलं संरक्षक अस्तर कमकुवत करतात. फार दिवस घेतल्या की जखम होते, जखमेतून रक्त झिरपतं आणि पोटात पचून काळं होऊन बाहेर येतं. डांबरासारखी शौच म्हणजे आत रक्तस्राव, हे मी डिप्लोमाला शिकलो होतो. परीक्षेत हा प्रश्न आलाही होता आणि मला त्यात चांगले मार्क पडले होते.

आणि मी काकूंना गॅसची गोळी दिली होती. तिने जळजळ तेवढी दबली असेल. सोबत त्याच हाताने आणखी एक पाकीट दिलं होतं.

मी शटर ओढलं. काकूंना माझ्या गाडीत मागे आडवं केलं, शेजारी लिन बसला. त्यांचा मुलगा हिंजवडीत कामावर होता, त्याला फोन करून थेट हॉस्पिटललाच बोलावलं. पिरंगुटच्या रस्त्याला ट्रक आणि टेम्पो नेहमीप्रमाणे एकमेकांच्या पुढे घुसत होते. मला भीती वाटत होती. काकू वाटेतच गेल्या तर, हा एकच विचार डोक्यात होता. धंद्याचा विचार तेव्हा आला नाही. तो नंतर आला, आल्याशिवाय राहिला नाही.

"शफीक," मागून काकूंचा आवाज आला, "शटरला कुलूप घातलंस का?"

"घातलं, काकू." घातलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. तपासता तपासता त्यांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

लिनने खिशातून डबी काढून पुढे केली. स्वतःहून. डॉक्टरांनी ती हातात घेतली, भुवया वर गेल्या. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. सगळा ठपका आपोआप त्या डबीवर गेला असता. काकूंना बोलायचं त्राण नव्हतं, लिनला मराठी येत नव्हती आणि ग्रुपवर माझा इशारा तयारच होता. खोटं कशाला सांगू, दोन श्वास मी गप्प बसलोही.

मग मी फाडलेल्या कोपऱ्यांचा डबा टेबलावर ठेवला. "ही पेनकिलर. पाच महिन्यांपासून. रोज."

"कुणी लिहून दिली?"

"सुरुवातीच्या पाच दिवसांची डॉक्टरांनी. पुढची कुणीच नाही. मी दिली."

"तुम्ही कोण?"

"फार्मासिस्ट," मी म्हणालो. अनुभवी हा शब्द गाळला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण रागावल्या नाहीत. रागावायला त्यांना वेळ नव्हता. काकूंना रक्त चढवलं, दुर्बीण घालून पोट तपासलं. अल्सर होता, त्यातून रक्त येत होतं. ते तिथल्या तिथे बंद केलं. "अजून दोन दिवसांनी आणलं असतं तर सांगता आलं नसतं," त्या म्हणाल्या. चिनी गोळ्यांविषयी मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "त्यात काय आहे याची मला खात्री नाही, म्हणून त्याही घेऊ नयेत. त्यांनी वरवर बरं वाटलं असेल. पण ही जखम त्यांनी केलेली नाही."

काकू पाचव्या दिवशी घरी आल्या. मी भेटायला गेलो आणि त्यांच्या मुलासमोर सगळं कबूल केलं. मुलगा म्हणाला, "आईला न्यायला शटर टाकून तुमीच पळालात, म्हणून गप बसतोय. पर पुन्यांदा असं करू नगा." एवढ्यावर निभावलं, हे माझं नशीब.

लिननेही मला सोडलं नाही. निघताना त्याने मला जीभ काढायला लावली. मी मुकाट्याने काढली. बराच वेळ बघून तो फोनशी बोलला. फोन म्हणाला, "तुम्ही जेवताना फार बोलता." शबानाला हे सांगितल्यावर तिने लिनला जेवायला बोलावलं.

आता दुकानात पाटी आहे: 'फाडलेल्या तुकड्यावर औषध मिळणार नाही. चिठ्ठी आणा.' पहिले काही दिवस लोक पाटी वाचून हसले, मग चिडले, मग त्यातले काही दुसऱ्या दुकानात गेले. बाकीचे चिठ्ठी आणतात. कुणी नवीन, विचित्र औषध आणलं की मी अजूनही संशयाने बघतो. पण आधी माझ्याच दुकानातून त्यांनी काय काय नेलंय ते विचारतो. दुसऱ्याच्या डबीवर बोट ठेवताना आपला हात कुठल्या फळीवर आहे ते बघावं, एवढाच यातला धडा. तो शिकायला बावीस वर्षं आणि काकूंचं रक्त लागलं.

ग्रुपवर मी दुरुस्तीही टाकली. चूक माझी होती, चिनी गोळ्यांची नव्हती, असं सरळ लिहिलं. तिला एकही अंगठा आला नाही.

मागच्या आठवड्यात काकू दुकानात आल्या. रंग परत आला होता. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, व्यवस्थित घडी घातलेली. दुसऱ्या हातात नातीचा फोन.

"शफीक, हे वाच," त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "माज्या भाचीनं धाडलंय मारुंजीवरनं. चिनी गोळ्यांचं हाय. कुणी अनुबवी माणसानं लिवलंय. लई शाणा दिसतुया. वळखतुस का?"

'सावधान!' मी वाचलं. फोटोत त्यांचीच डबी होती.

"ओळखतो," मी म्हणालो. "त्याचं काही ऐकू नका, काकू. ती चिठ्ठी दाखवा इकडे."

"कंची रं, त्यानं लिवलेली का ही माजी?"

"तुमची द्या," मी म्हणालो, आणि चिठ्ठी दोनदा वाचली.