तोंडी परीक्षेची रुब्रिक

सहामाहीचा निकाल लागला त्याच दुपारी नववीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आईचा मेसेज आला. ‘मराठीच्या तोंडी परीक्षेचे गुण कशावर देतात, शाळा सांगेल का? जो मुलगा धड एक वाक्य बोलू शकत नाही, त्याला माझ्या मुलीपेक्षा जास्त?’ खाली अंगठ्यांची रांग लागली. ते गुण मी दिले होते. आणि तो मुलगा कोण, हे प्रत्येक घराला कळलं होतं. त्याच्या घरालासुद्धा.

आमची शाळा घाटकोपरला. मुलगा विक्रोळीहून यायचा. उंच, वर्गात मागे बसणारा, बोलताना अडखळणारा. काही अक्षरांवर जीभ थांबायचीच. परीक्षेत तो घरामागच्या खाडीतल्या तिवरांच्या झाडीवर बोलला होता. भरतीला कुठला कचरा आत येतो, ओहोटीला चिखलात खेकड्यांची बिळं कशी उघडी पडतात. हळूहळू बोलला, पण वर्ग जागचा हलला नव्हता. तक्रार करणाऱ्या आईची मुलगी पर्यावरणावर घडाघडा बोलली होती. पाठ केलेलं होतं, हे दुसऱ्या वाक्याला कळत होतं.

मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. “गुण चुकले असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण कशावर दिले, ते कागदावर दाखवा. शनिवारी पालकसभा आहे. हल्ली रुब्रिक लागते.”

“इतकी वर्षं मुलं ऐकतेय मी, बाई.”

“पालकांना तुमचा अनुभव नकोय. त्यांना तक्ता हवाय.”

रुब्रिक म्हणजे गुण देण्याचा तक्ता. एकेका ओळीत एकेक निकष, आणि पुढे चार चौकटी, चांगल्यापासून कच्च्यापर्यंत. स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरवर शोधायला बसले. एका साइटला आधी माझा ईमेल हवा होता, दुसरीने तक्ता करून दिला पण छापायचं बटण बंद ठेवलं. तिसरीने इयत्ता आणि विषय विचारला आणि चहाचा घोट घेईपर्यंत पूर्ण तक्ता समोर ठेवला. इंग्रजीत. मराठीचं बटण दाबलं. ‘डोळा संपर्क’ आला. त्याखाली ‘प्रसूती’. भाषणाच्या डिलिव्हरीचं त्या यंत्राने हे केलं होतं.

शेजारी हिंदीची शिक्षिका बसली होती, माझ्या बरोबरीची. तिने वाकून वाचलं. “उत्कृष्ट प्रसूतीला चार गुण! वाट लागली गं तुझी.” दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तीच म्हणाली, “शनिवारी काय दाखवणारेस पण?” आणि हसू तिथेच संपलं.

घरी बसून मी तो तक्ता पुन्हा लिहिला. स्लाइड दाखवण्याची ओळ उडवली, आमच्या वर्गात कुठल्या स्लाइड. भाषा नववीच्या पोराला कळेल अशी केली. शेवटी पाच ओळी उरल्या: विषयाची माहिती, स्वतःचे विचार, अस्खलितपणा, समोर बघून बोलणं आणि वेळ. प्रत्येकीला चारपासून शून्यापर्यंत गुण. मग त्या दोघांची भाषणं आठवून, माझ्या टिपणांवरून, तक्त्यात बसवून पाहिली. मुलगा मुलीच्या खाली गेला. पुन्हा मांडलं. पुन्हा खाली. अस्खलितपणाच्या ओळीत त्याला काहीच मिळत नव्हतं. दुसऱ्या साइट उघडल्या. सगळ्यांत ती ओळ होतीच, कुठे प्रवाहीपणा म्हणून, कुठे ओघ म्हणून. ती काढली की गणित माझ्या मनासारखं येत होतं. पण मग तो तक्ता उत्तर आधी ठरवून बनवलेला झाला असता, आणि त्या आईने ते एका नजरेत ओळखलं असतं.

“काढून टाक ना,” हिंदीवाली म्हणाली. “तुझी परीक्षा, तुझे निकष.”

मोठ्या बाई मात्र ठाम होत्या. “निकाल लागल्यावर नियम बनवून चालणार नाही. तक्ता आधी मुलांच्या हातात द्या. सगळ्या वर्गाची परीक्षा परत घ्या, दुसरा परीक्षक बसवून. तेच गुण अंतिम.” दुसरा परीक्षक म्हणजे हिंदीवालीच. गुण देताना ती कोणाची मैत्रीण नसते, हे शाळेला ठाऊक होतं.

पालकसभेत हे जाहीर झालं. त्या आईने मान डोलावली. मुलाचे वडील शेवटच्या बाकावर होते. सभा सुटल्यावर जिन्यात त्यांनी मला गाठलं.

“परत उभं करणार त्याला?”

“सगळ्यांनाच करणार आहोत.”

“सगळ्यांचं वेगळं आहे, बाई.”

बोलण्याच्या अडचणीसाठी परीक्षेत सवलत मिळते, तिचं प्रमाणपत्र काढा, असं मी त्यांना पूर्वी सुचवलं होतं. मुलावर शिक्का नको म्हणून त्यांनी ते काढलं नव्हतं. आता त्याचा विषयही निघाला नाही. ते खाली उतरून गेले. मुलगा परीक्षेला आलाच नाही तर? मी काहीतरी बरोबर करायला निघाले होते, आणि त्याची किंमत तो मोजणार होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. तक्ता पुढे ठेवला. अस्खलितपणाच्या ओळीवर मी पेन्सिलने काट मारली होती. त्याने ती पाहिली.

“ही का ख-ख-खोडली?”

“विचार करतेय काढायचा.”

“काढू नका.” त्याचे कान लाल झाले होते. “काढलीत तर म्हणतील, माझ्यासाठी काढली.”

“मग तुझे चारही जातील रे.”

त्याने तक्ता जवळ ओढला. बाहेर मुलांचा गोंधळ चालू होता. मग म्हणाला, “अडखळलो तरी मी वाक्य सोडत नाही, बाई. अर्ध्यात कधीच नाही सोडलं.”

खरं होतं ते. वर्गातली कितीतरी पोरं एक शब्द विसरली की वाक्य टाकून खाली बसतात. मी पहिल्या चौकटीत ‘न अडखळता बोलतो’ तसंच ठेवलं आणि दुसऱ्या चौकटीत, तीन गुणांसमोर, लिहिलं: ‘अडखळलं तरी वाक्य पूर्ण करतो.’ दोनदा वाचून तो गेला. येईन की नाही, काही म्हणाला नाही.

आला. शर्टाला कडक इस्त्री होती. तक्ता मी त्याआधीच सगळ्या वर्गाला वाटला होता. त्या मुलीचं भाषण आधी झालं. या वेळी ती त्यांच्या सोसायटीच्या टाकीबद्दल बोलली, टँकर येतो तेव्हा कोण कोणाशी भांडतं याबद्दल. दोनदा अडकली, पण तिचं स्वतःचं होतं. छान बोलली.

मग तो उभा राहिला. विषय तोच, तिवरं. सुरुवात बरी झाली. शब्द येणार नाही असं वाटलं की तो दुसरा शब्द घ्यायचा, ते मला आता ओळखू येत होतं. भाषण संपलं. तक्त्याखालच्या सूचनेप्रमाणे शेवटी एक प्रश्न विचारायचा होता. हिंदीवालीने सहज विचारलं, “तिवरांना पुस्तकात काय म्हणतात?”

मला कळलं काय झालं ते. ‘ख’ हेच त्याचं सगळ्यांत अवघड अक्षर. या शब्दाला दुसरा शब्द नव्हता, तोच तर विचारला होता. त्याचा जबडा ताठला. आवाज येईना. कोणीतरी बाक सरकवलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. शब्द ओठांवर आणून द्यावा असं शंभरदा वाटलं. हिंदीवाली घड्याळाकडे बघत होती, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वेळेची ओळ: भाषण आणि उत्तर मिळून ठरलेल्या मिनिटांत. साइटने दिली तशी ती मी ठेवली होती. मोठ्या बाईंनी वाचली होती, हिंदीवालीने वाचली होती, कोणालाच काही खटकलं नव्हतं.

“खारफुटी,” तो म्हणाला. श्वास घेतला. “पण आमच्याकडे तिवरंच म्हणतात.”

खाली बसला. वेळ केव्हाच संपली होती.

“वेळेत शून्य द्यावं लागेल,” हिंदीवाली माझ्या कानाशी म्हणाली.

“त्याला वेळ लागणारच ना गं.”

“माहीत आहे मला. पण तक्ता मुलांच्या हातात आहे. आत्ता बदललं तर सगळंच गेलं.”

मी सही केली. पहिल्या परीक्षेपेक्षा त्याचे गुण कमी झाले आणि मुलीचे वाढले.

कागद दाखवायच्या दिवशी ती आई आली. मुलीचा तक्ता तिने ओळीओळीने वाचला. मग दुसराही बघायला मागितला. मी मुलाला विचारलं, त्याने खांदे उडवले. “दाखवा.” तिने तोही वाचला. बोट वेळेच्या ओळीवर थांबलं.

“शून्य?”

“हो.”

“पण त्याला वेळ जास्त लागणारच की.” हे म्हटल्यावर ती माझ्याकडे बघेना. संध्याकाळी ग्रुपवर तिचा मेसेज आला, ‘शंकेचं निरसन झालं.’ मुलाबद्दल एक अक्षर नव्हतं.

पुढच्या सत्रासाठी ती ओळ मोठ्या बाईंनीच बदलून घेतली. या वेळचे गुण मात्र तसेच राहिले.

मुलगा स्वतःचा तक्ता न्यायला आला तेव्हा मी काहीतरी समजुतीचं बोलायच्या तयारीत होते. त्याने ते ऐकूनच घेतलं नाही. कागद टेबलावर पसरून म्हणाला, “स-समोर बघून बोलणं, तीन का? मी तर बघत होतो.”

हिंदीवालीने मान वर केली. “प्रश्नाच्या वेळी खिडकीकडे बघत होतास.”

“तेव्हा मी शब्द शोधत होतो.”

“समोर बघून शोध.”

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. “ठीक आहे,” म्हणाला, आणि कागद दप्तरात टाकून बस पकडायला निघून गेला.