हेडमास्तरांचा गुरुवार

अख्ख्या वऱ्हाडातल्या शाळांनी मिळून हात धुवायला जेवढं पाणी खर्चलं नसेल, तेवढं अमडापूरच्या आमच्या हेडमास्तरांनी एकट्यानं खर्चलं असेल. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. मी त्यांच्या हाताखाली नवा मास्तर होतो. शाळेत हिंदूंची मुलं होती तशी मुसलमानांचीही. तेव्हा धर्माच्या तासाला दोघांचेही ग्रंथ हवेत, असं त्यांनी ठरवलं आणि गाद्यांचा कापूस पिंजणाऱ्या चाचांकडे कुराण मागायला गेले. गावात ते नीट वाचता येणारे चाचाच.

"किताब देतो मास्तर," चाचा म्हणाले, "पण ठेवसान कुठं?"

या प्रश्नानं हेडमास्तरांची झोप उडाली. त्यांनी भिंतीला डोक्याच्याही वर फळी ठोकली. आपली खुर्ची व्हरांड्यात काढली, कारण वाचताना ग्रंथ बैठ्या तिवईवर आणि आपण वर, हे त्यांना बघवेना. ग्रंथ कापडात बांधलेला असे, तरी त्याला हात लावण्याआधी ते तीनदा हात धूत. गुरुवारी चाचा येऊन वाचत आणि हेडमास्तर जमिनीवर मांडी घालून अर्थ सांगत. तोही आदल्या संध्याकाळी चाचांकडूनच समजून घेतलेला. मुलांनी अडचणीचं विचारलं, की "मले नाही समजलं, इचारून सांगतो" म्हणत, आणि खरंच विचारून येत. एका ओळीसाठी ते चार खेपा करत. चाची म्हणे, "मास्तरची खाट इथंच टाका आता."

एकदा इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. तोंडात पान, बोटाला चुना, आणि तोच हात त्यांनी फळीकडे नेला. हेडमास्तर पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये उभे राहिले.

"साहेब, पयले हात धुवा. अन् पानं चाचाच उलटतीन."

"तुम्ही तर हिंदू ना?"

"हाव साहेब. म्हणून तं जास्त जपा लागते. दुसऱ्याची अमानत हाय."

साहेबांनी मुकाट्यानं हात धुतले. महिन्याभरात हेडमास्तरांची बदली लोणारला झाली.

जायच्या दिवशी ग्रंथ छातीशी धरून ते चाचांकडे परत द्यायला निघाले. "शाळेतच राहू द्या ना, मी आहे," मी म्हणालो.

"त्यायनं माह्या भरवशावर देल्ला होता," ते म्हणाले. "तुले पायजे असन तं तू माग."

मला ते फार लागलं. दोन गुरुवार मी रुसून बसलो. तिसऱ्या गुरुवारी चाचांच्या दारात जाऊन उभा राहिलो. अंगावरचा कापूस झटकत ते उठले.

"मास्तर सांगून गेले होते," ते म्हणाले, "येईन तो, जरा उशीर करीन."

हे लोणारला कळवायचं फार दिवस माझ्या मनात होतं. पत्र लिहिलं तोवर ते वाचायला हेडमास्तर उरले नव्हते.