आमची एकुलती एक ओरिजिनल

माझ्या घरात चोरीची एकच वस्तू आहे, आणि ती मी स्वतःच्या गाडीतून, दिवसाढवळ्या, वेगमर्यादा पाळून घरी आणली. अंतर पाऊण मैल. वाटेत दोन स्टॉप साइन होत्या आणि दोन्ही ठिकाणी मी पूर्ण थांबलो. (शेजारच्या सीटवर वस्तूचा मालक बसला होता आणि "अरे, कोणी नाहीये, चल की" म्हणत होता. तरी थांबलो.)

वस्तू म्हणजे कॉम्प्युटर गेमची फ्लॉपी. कॉपी केलेली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या शुगर लँड गावात तेव्हा आमच्या ओळखीची मराठी घरं अकरा होती आणि त्यांत खेळण्याच्या वयाची मुलं चौदा. चौदापैकी तेरा मुलं दर शनिवारी सुहास कर्णिकच्या घरी असत. चौदावी माझी मुलगी शर्वरी. ती शुक्रवार संध्याकाळपासूनच तिथे जायचं म्हणून मागे लागलेली असे.

सुहास भूल देणारा डॉक्टर. दिवसभर माणसांना झोपवायचा आणि घरी आला की मुलांना जागं करायचा. त्याच्याकडे कॉम्प्युटरशेजारी प्लास्टिकचे दोन लांबट डबे होते आणि त्यांत एकशे सदतीस गेम होते. विकत घेतलेले शून्य. हॉस्पिटलमधला कोणीतरी त्याला फ्लॉपी द्यायचा, हा त्याला द्यायचा, आणि लेबलवर सुहास स्वतःच्या अक्षरात नावं लिहायचा. डॉक्टरचं अक्षर असल्यामुळे कोणता गेम कोणता हे फक्त त्यालाच कळे. त्यामुळे तर मुलं त्याला अजिबात सोडत नसत.

कारखान्यातल्या पाइपांची जाडी मोजणं हे माझं काम. ठरल्यापेक्षा केसभर कमी भरली तरी मी सही करत नाही. म्हणून मी सुहासला चारचौघांत सांगितलं, "दुसऱ्याने मेहनतीने बनवलेली गोष्ट फुकट उचलायची म्हणजे चोरी."

"मधू," सुहास म्हणाला, "मूळ फ्लॉपी जिथे होती तिथेच आहे ना? मग चोरीला काय गेलं?"

सगळे हसले. शर्वरीसुद्धा. एकशे सदतीस गेमचं मला काही वाटत नव्हतं, पण ते हसणं लागलं. मला सुहासचा हेवा वाटत होता, आणि तो पाइपच्या जाडीसारखा मोजता आला असता तर काटा डायलबाहेर गेला असता.

त्याच रात्री जेवताना शर्वरी म्हणाली, "बाबा, हाउ कम नोबडी एव्हर कम्स टू अवर हाउस?"

"येतात की. गेल्या महिन्यात आले होते सगळे."

"तू त्यांना ग्रँड कॅन्यनच्या स्लाइड्स दाखवल्यास."

"दोनशे दहा," बायको म्हणाली. नलिनीला आकड्यांची आवड नाही. फक्त माझ्याविरुद्ध लागणारे आकडे तिच्या लक्षात राहतात.

मी ठरवलं. या वर्षीचा दसरा आपल्याकडे. चौदाच्या चौदा मुलं आपल्याकडे. आणि गेम आपला, दुकानातून रीतसर विकत घेतलेला. पुढच्याच आठवड्यात मी चाळीस डॉलरला पाच सेंट कमी देऊन पाणबुडीचा एक गेम आणला. समुद्राच्या तळाशी जायचं, शार्क चुकवायचे, खजिना शोधायचा. आत एक फ्लॉपी आणि शेहेचाळीस पानांची माहितीपुस्तिका. पुस्तिकेला मी प्लास्टिकचं कव्हर घातलं.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण घरात ओरिजिनल आहे आणि ते सुहासला माहीतच नाही, हे मला सहन होईना. त्या रविवारी त्याने आम्हाला चहाला बोलावलं होतं. मी खोकं बरोबर घेऊन गेलो.

"हे बघ. ओरिजिनल असं दिसतं," मी म्हणालो आणि फ्लॉपी टेबलावर ठेवली. मग पुस्तिका उघडली आणि कॉपी करणं बेकायदेशीर आहे असं जिथे लिहिलं होतं ते पान सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सुहासच्या बायकोने, मीनाने, कांदाभजी आणली. मी वाचत राहिलो. मध्ये सुहास उठून आत गेला आणि थोड्या वेळाने परत आला, एवढं आठवतं. मला वाटलं, मनाला लागलं असावं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. अमेरिकेत सणाची सुट्टी नसल्यामुळे आम्ही नवमी आणि दसरा दोन्ही पुढच्या शनिवारी उरकायचो. पाहुणे तीनला येणार होते. सकाळी मी पाट मांडला आणि त्यावर माझी आयुधं ठेवली : जाडी मोजायचं यंत्र, टेप, हिशेबाची स्लाइड रूल, गाडीच्या किल्ल्या. शेजारी कॉम्प्युटर. आणि पाटाच्या मधोमध ओरिजिनल.

"त्या मशीनवर लांबूनच वाहा हो," नलिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. ती श्रीखंडात केशर घालत होती. "त्यात काही जायला नको."

"मला कळतं."

मला खरंच कळत होतं. कॉम्प्युटरवर मी लांबूनच दोन अक्षता टाकल्या. पण फ्लॉपी कागदी पाकिटात होती. पूजा पाकिटाची करायची की फ्लॉपीची? ज्याची करायची त्याची नीट करावी, म्हणून मी ती बाहेर काढली आणि पाटावर ठेवली. (फ्लॉपीला एक लांबट खिडकी असते आणि त्यातून आतली काळी चकती दिसते. ती बाजू मला दर्शनी वाटली. तीच वर ठेवली.) मग गंध, हळद, कुंकू, अक्षता आणि वर झेंडूचं एक फूल, पाण्यातून काढून. कुठेही काटकसर केली नाही. नंतर रुमालाने पुसून ती परत पाकिटात घातली. रुमाल लाल झाला, म्हणजे सगळं निघालं असं मी धरून चाललो.

तीन वाजता मुलं आली. मी दारात मोजली. चौदा. शर्वरीने नवा परकर-पोलका घातला होता आणि कॉम्प्युटरसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. सगळ्यांना ती सांगत होती, "इट्स अ रिअल वन. फ्रॉम द स्टोअर." माझ्याकडे बघून हसत होती. गेल्या दोन वर्षांत ती माझ्याकडे बघून अशी हसली नव्हती.

मी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली आणि बटण दाबलं.

आतून खलबत्त्यासारखा आवाज आला.

"इज इट सपोज्ड टू डू दॅट?" एका मुलीने विचारलं.

"ओरिजिनल आहे," मी म्हणालो. "जरा वेळ लागतो."

खलबत्ता थांबला. पडदा काळाच. मी फ्लॉपी बाहेर काढली, तर तिच्याबरोबर ड्राइव्हच्या तोंडातून तांदळाचा एक दाणा बाहेर पडला. पिवळा. खिडकीतून दिसणारी चकती काळी राहिली नव्हती. तिच्यावर गोल गोल लाल रेघा उठल्या होत्या.

नलिनी हात पुसत आली. तिने दाणा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लांबून वाहिलंत ना?"

मग कोणीतरी म्हणालं, "कॅन वी गो टू सुहासकाकाज?" आणि तेरा मुलं बूट शोधायला लागली. चौदावी कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसून होती. ती मागे वळत नव्हती. रडताना तिला कोणी बघितलेलं चालत नसे.

मी गाडीच्या किल्ल्या उचलल्या. त्यांनाही कुंकू होतं.

"सगळ्यांनी थांबा," मी म्हणालो. "वीस मिनिटं. कोणी बूट घालायचे नाहीत."

सुहास आमच्याकडेच यायला निघाला होता. इस्त्रीचा झब्बा घालून दारातच भेटला.

"सुहास, मला एक गेम हवा."

"विकत?"

"टोमणे नंतर मार. ओरिजिनलला कुंकू लागलं, ड्राइव्हमध्येही गेलंय. शर्वरी रडतेय."

तो लगेच वळला. आत गेला आणि एक फ्लॉपी आणि स्पिरिटची बाटली घेऊन आला. गाडीत बसल्यावर मी लेबल वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षर लागलं नाही.

"कोणता आहे?"

"पाणबुडी."

मी पहिल्या स्टॉप साइनला थांबलो तो जरा जास्तच वेळ थांबलो. "हा गेम तुझ्याकडे कुठून आला?"

"तुझ्याकडून," सुहास म्हणाला. "तू पुस्तिका वाचून दाखवत होतास तेव्हा. चांगली आठ मिनिटं लागली. तुझं वाचन बारा मिनिटं चाललं होतं."

घरी आल्यावर सुहासने कापसाला स्पिरिट लावून ड्राइव्हमधलं फ्लॉपी वाचणारं हेड पुसलं. कापूस लाल निघाला. मग माझी ओरिजिनल उजेडात धरून तपासली आणि हॉस्पिटलमधल्या आवाजात म्हणाला, "ही गेली." त्याने कॉपी आत सरकवली. पडद्यावर निळा समुद्र आला, संगीत वाजलं आणि मुलांनी "सुहासकाका, सुहासकाका" असा घोष सुरू केला. माझ्या घरात, माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या पाणबुडीसाठी.

मी मुकाट्याने स्वयंपाकघराकडे वळलो.

तेवढ्यात घोष थांबला. पडद्यावर एक प्रश्न आला होता : पुस्तिकेतलं पान अकरा, ओळ चार, शब्द दोन. अचूक टाइप करा, नाहीतर पुढे जाता येणार नाही.

सगळी मुलं सुहासकडे वळली. सुहासने मान खाजवली.

"इथेच तर मी अडकलोय," तो म्हणाला. "फ्लॉपी आली, पण पुस्तक तुझ्या हातात राहिलं. तू सोडायलाच तयार नव्हतास."

सगळी मुलं माझ्याकडे वळली.

पुस्तिका कपाटात होती, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. मी ती आणली. पण उघडायच्या आधी मी क्षणभर थांबलो. हा एक शब्द उच्चारला की मी चोराचा साथीदार होणार होतो, आणि ही चोरी माझ्याच वस्तूची झाली होती. पान अकरा, ओळ चार. मी कधीही चुकीच्या जाडीवर सही केलेली नाही.

"बाबा, प्लीज," शर्वरी म्हणाली.

"अँकर," मी म्हणालो.

पाणबुडी निघाली. पण हा गेम असा होता, की शार्कने पाणबुडी फोडली की सगळं पहिल्यापासून आणि पुन्हा नवा प्रश्न. आणि चौदाही मुलं शार्कच्या तोंडात जाण्यात तरबेज होती. "मधूकाका, पेज थर्टी, लाइन टू!" "मधूकाका, हरी!" संध्याकाळपर्यंत मी एकतीस शब्द सांगितले. चष्मा लावून खुर्चीत मधोमध बसलो होतो आणि माझ्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर मुलं बसली होती. शर्वरी मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून पानं उलटत होती. सुहास एकटाच जेवणाच्या टेबलाशी बसून श्रीखंड खात होता आणि अधूनमधून आमच्याकडे बघत होता. ते बघणं मी लगेच ओळखलं. दोन वर्षं मी तसंच बघत आलो होतो.

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले. सुहासने पाणबुडीच्या कॉप्या करून बाकीच्या सगळ्या घरांत वाटल्या होत्या आणि प्रत्येक घरातलं मूल पहिल्या प्रश्नाशी अडलं होतं. मी कामावरून आलो की पुस्तिका घेऊन फोनशेजारी बसू लागलो. सहा ते सात ही वेळ ठरवून दिली. आधी "शाळेचा अभ्यास झाला का?" विचारायचो, मग शब्द सांगायचो. कोणाला कोणता शब्द दिला याची एका वहीत नोंदही ठेवली.

"चोरीला मदत करताय," नलिनी म्हणाली.

"मी फक्त पुस्तक वाचतोय," मी म्हणालो. "पुस्तक माझं आहे. पावती आहे."

मनाला टोचत होतंच. मी दुसरी ओरिजिनल आणायला निघालो, तर नलिनीने विचारलं, "आणि पुढच्या दसऱ्याला तिला काय लावणार?" तेव्हा राहिलं ते राहिलंच. लाल रेघांची ओरिजिनल आता देवघरात असते आणि दर वर्षी तिचीच पूजा होते. तिला आता धोका नाही. खेळायला सुहासची कॉपी.

महिन्याभराने एका रविवारी सुहास दारात उभा राहिला. हॉस्पिटलमध्ये नवीन झेरॉक्स मशीन आलं होतं.

"पुस्तिका एका तासासाठी दे," तो म्हणाला. "शेहेचाळीस पानं आहेत. दहा सेट काढतो, म्हणजे तुलाही रोज फोनला चिकटून बसायला नको."

मी त्याला घरात घेतलं, बसवलं, चहा दिला आणि ठामपणे नाही म्हणालो. कॉपी करणं बेकायदेशीर आहे असं जिथे लिहिलं आहे ते पान त्याला पुन्हा एकदा वाचून दाखवलं. या वेळी पुस्तिका दोन्ही हातांनी धरून. शेवटी काही तत्त्वं असतात, आणि घड्याळात सहाला दोनच मिनिटं कमी होती.