एका ओळीवरून मेलेली डिस्क

ह्यांचा तेरावा आटोपला आणि घरातला कॉम्प्युटर सुरू होईना. शेवटच्या हिवाळ्यात ह्यांनी त्यावर नातीसाठी आपल्या आवाजात गोष्टी बोलून ठेवल्या होत्या. ती मदन महल भागातल्या ह्याच घरात वाढली. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. आपल्यानंतर हिच्या कानावर घरची बोली कोण घालणार, ही ह्यांची काळजी. मी आहे की, असं मी म्हटलं तर म्हणायचे, तू पुस्तकातली मराठी बोलतेस. त्या गोष्टींची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

धाकटे दीर कॉम्प्युटर ओमतीच्या बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेले. तो परत आला नवी डिस्क घालून, आणि जुनी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा जळाला होता, तो बदलला, असा निरोप होता. जुनी डिस्कही संपत आलीय, तिच्यातलं काही काढायला जाऊ नका, मध्येच बंद पडेल, हाही निरोप होता. मला न विचारता नवी घालूनही झाली होती.

जे टाकवत नाही ते आमच्याकडे नर्मदाजीत सोडतात. देवांच्या फुटक्या तसबिरी, जुनं जानवं, वाळलेलं निर्माल्य. दुसऱ्या दिवशी दीर ह्यांचा चष्मा, जपाची माळ वगैरे घेऊन ग्वारीघाटाला निघाले होते. पिशवीत मला ती डिस्क दिसली. मी ती काढून घेतली.

"वहिनी, काहून त्रास करून घेऊन राहिल्या?" दीर म्हणाले. "मेली ती. दादाचीच वस्तू होती, दादासोबत जाऊ द्या."

माणूस वाईट नाही. पण नवरा जाऊन महिना होत नाही तोवर त्याचा आवाज नदीत सोडायला निघायचं, आणि वर ते पुण्याचं काम समजायचं, ह्याचा मला राग आला होता. मी म्हटलं, मेली हे कशावरून ठरवलं ते मला दाखवा.

दीर मला डिस्कसकट दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने दाखवलं. मी विचारायची आणि तो दिरांकडे बघून उत्तर द्यायचा. त्याने डिस्क एका यूएसबी केबलने आपल्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्कची तब्येत सांगणारा एक प्रोग्राम त्याने उघडला. तब्येतीपुढे 'चांगली' असं होतं. खाली एक ओळ होती ट्रान्सफर मोडची, म्हणजे डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातली देवाणघेवाण कोणत्या पद्धतीने चालते त्याची. तिथे पीआयओ लिहिलेलं होतं. ती सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत संथ पद्धत. डिस्क वारंवार चुकायला लागली की कॉम्प्युटर तिला ह्या पद्धतीवर उतरवतो, असं त्याचं म्हणणं. वर 'चांगली' लिहिलंय त्याचं काय, असं मी विचारलं. तो दिरांना म्हणाला, आंटीजी को समझाइए.

समजावून घ्यायला मी घरी आले. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. छापलेलं आहे म्हणून खरं, असं मी कधी मानलं नाही. तोच प्रोग्राम उतरवून घेतला आणि त्याची माहिती सावकाश, शब्दकोश जवळ ठेवून वाचली. दुकानदार सांगत होता ते पूर्वीच्या कॉम्प्युटरांच्या बाबतीत खरं होतं. पण डिस्क यूएसबीने जोडलेली असेल तर मधला अडॅप्टर खरी पद्धत पुढे कळवतोच असं नाही, आणि मग त्या ओळीत चुकीचं काहीतरी दिसू शकतं. हे बारीक अक्षरांत, पानाच्या तळाशी होतं. प्रोग्रामला ठाऊक नसेल तर त्याने ठाऊक नाही असं लिहावं. जागा रिकामी ठेवावी. रिकाम्या जागेवरून कोणी डिस्क नदीत सोडली नसती.

मी डिस्क घेऊन पुन्हा ओमतीला गेले, ह्या वेळी एकटी. त्याच्या कपाटातली विकायची नवी डिस्क काढायला लावली आणि म्हटलं, हीच केबल हिला लावा. तो हसला, पण त्याने लावली. ट्रान्सफर मोड, पीआयओ.

"ये भी मर गई क्या, भैया?" मी विचारलं.

"अरे आंटीजी, वो तो सॉफ्टवेअर का दिखाना है."

त्याची डिस्क म्हणून ते नुसतं दिखाना होतं. आमच्या डिस्कचा ह्याच ओळीवरून मृत्यू जाहीर झाला होता, घरभर पसरला होता, घाटाच्या वाटेला लागला होता. मी आवाज चढवला नाही. आमची डिस्क कॉम्प्युटरच्या आत, तिच्या स्वतःच्या केबलने जोडा, एवढंच सांगितलं आणि स्टुलावर बसून राहिले. त्याने जोडली. ओळीत आता साटा, म्हणजे हल्लीची वेगवान पद्धत होती, डिस्कच्या पूर्ण वेगासह. सगळ्या गोष्टी पेन ड्राइव्हवर उतरल्या, कुठेही न अडखळता. आमच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने घातलेली नवी डिस्क परत घ्यायला लावली. तो सॉरी म्हणाला नाही. दीरही घरी आल्यावर एवढंच म्हणाले, चलो, अच्छा हुआ.

संध्याकाळी नात आणि मी ऐकायला बसलो. ह्यांचा आवाज आला, खोकल्यासकट. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाची गोष्ट होती. "ऐकून राहिली ना बेटा? तर तुझ्या आजीनं इटारसीला तिकिटंच हरवून टाकली."

"खोटं आहे," मी म्हणाले. "तिकिटं ह्यांच्याच खिशात होती. ह्यांनीच हरवली."

नातीने गोष्ट थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग हळूच मराठीत म्हणाली, "आजी, तू सांग ना, कसं झालं होतं?"

मी सांगू लागले. दुकानातला राग अजून उतरला नव्हता.