माझं पान त्यांच्या हाती

माझे एकूण वाचक तीन. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आदिलाबादेत राहून मराठीत लिहायचं, तर तीन म्हणजे भरपूर झाले. माझा मुलगा तेलुगू शाळेत शिकला, आता इंग्रजीत नोकरी करतो. मराठी पान हाती दिलं की म्हणतो, ‘आई, तूच सांग ना काय लिहिलंस ते.’ मी जन्मभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई, मला राग येणारच. पण तो चहा होईपर्यंतच टिकतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी मी शहरालगतच्या मावल्याला जाते. तिथे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून राहतात. ते कविता करतात, त्यांच्या पत्नी गोष्टी लिहितात. चौथे येतात ते बाजारहत्नूरकडचे एक शेतकरी. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. घरी कापूस आणि ज्वारी, आणि माणसांबद्दल इतकं नेटकं लिहितात की मला सरळ सरळ हेवा वाटतो. सहा वर्षं झाली, आम्ही चौघं असे भेटतो आहोत.

बैठकीचा एकच नियम आहे, तोही कारकुनांनी घातलेला. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही. कागद ताटात उलटे ठेवायचे आणि ज्याच्या हाती जो येईल तो त्याने मोठ्याने वाचायचा. ‘आपलं आपण वाचलं की माणूस आवाजानं खड्डे बुजवतो,’ असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. ज्या वाक्यावर मी दोन दिवस खूश होते, तेच त्यांच्या पत्नीच्या तोंडून ऐकलं आणि वाटलं, हे भाषण कुणी लिहिलं? कारकुनांचं अक्षर मात्र असं की त्यांची कविता वाचणाऱ्याला निम्मी स्वतःच रचावी लागते. एकदा भाऊंनी अशी एक न लागलेली ओळ आपल्या मनाने पुरी केली. कारकुनांनी तीच ठेवली आणि वर आपली म्हणून मिरवली.

या रविवारांनी मला लिहितं ठेवलं. परत येताना ऑटोत बसल्या बसल्या पुढचं पान डोक्यात सुरू झालेलं असतं. घरी कुणी विचारत नाही की काय लिहिलं, पण मावल्याला तिघं विचारणार आहेत, एवढ्यावर महिना निघतो.

गेल्या हिवाळ्यात मी आईवर लिहायला घेतलं. आई शेतमजूर होती. कापूस वेचायला जायची तेव्हा मलाही सोबत न्यायची. दुपारी बाकीच्या बाया विहिरीवर पाणी प्यायच्या. आमच्या वस्तीतल्या बाया लांब उभ्या राहून ओंजळ धरायच्या आणि मालक वरून पाणी ओतायचा. आईची ओंजळ कधी नीट भरली नाही, निम्मं पाणी कोपरांवरून खाली जायचं. ती हसून तोंड पुसायची. त्या हसण्याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. हे लिहिलं नाही, तर आईवरचं पुस्तक म्हणजे हार घातलेला नुसता फोटो.

अडचण एकच होती. ती विहीर भाऊंच्या वडिलांची. पहिल्याच बैठकीत त्यांनी आपलं गाव आणि शिवार सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं होतं आणि गप्प बसले होते. पुढे हा माणूस मला सख्ख्या भावासारखा झाला. हुरडा निघाला की पहिली पिशवी माझ्या घरी येते. खरं लिहिलं तर हा माणूस जाईल, त्याच्यामागे रविवार जातील. नाही लिहिलं तर आई जाईल. शेवटी मी मास्तरणीची अक्कल लढवली. गाव बदलून वांकिडीकडचं केलं, विहिरीजवळ एक मोठा वड उभा केला आणि कागद ताटात ठेवून दिला.

तो नेमका भाऊंच्याच हाती गेला. झडप घालून परत घ्यावा असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ते नेहमीसारखं ओळीखाली बोट धरून, एका सुरात वाचत गेले. पाण्याच्या जागी थांबले नाहीत. शेवटपर्यंत वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला. कारकुनांच्या पत्नी पदराने डोळे पुसत होत्या. मी सतरंजीकडे पाहत होते.

‘बाई,’ भाऊ म्हणाले, ‘ह्या इहिरीजवळ वड नव्हता. कडुलिंब व्हता.’

‘ती वांकिडीकडची विहीर आहे, भाऊ.’

‘नाही. आमची हाय. तुमच्या मायले मी वळखत व्हतो. पाणी ओतणारा माहा बाप. बाप नसला तं बादली माह्या हातात राहे.’

कारकून उगाचच चष्मा पुसू लागले. माझं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे पळालं.

‘तुमाले कवापासून ठाव हाय?’

‘पयल्या दिवसापासून. तुमची माय बसे तशाच तुमी बसता. दर महिन्याले वाट पाहून राह्यलो, आता तरी बाई लिवतीन म्हणून. म्या चारदा कागद घेतला, मले नाही जमलं. आता तुमी लिवलं, तं गाव काऊन बदललं?’

तुमच्यासाठी, असं म्हणणार होते. पण जे झाकण्यासाठी मी एवढा वड उभा केला, ते हा माणूस सहा वर्षं माझ्या कागदातून ऐकायला येत होता. मला माझीच लाज वाटली. मी कारकुनांकडून पेन घेतलं, वांकिडी खोडली, वड खोडला. मग विचारलं, ‘भाऊ, बादलीचं लिहू?’

‘तेच आधी लिवा,’ ते म्हणाले आणि जवळ सरकून बसले. बादली कुठल्या हातात असायची, किती उंचावरून धरायची, ते सांगत गेले, मी लिहीत गेले. आईचं ते पान आम्ही दोघांनी मिळून पुरं केलं.